दर आठवड्याला पाणी मागणारा बॉयलर: स्लाऊमधल्या एका घराचं प्रकरण

घर लंडनच्या पश्चिमेला, स्लाऊमध्ये. १९३० च्या दशकातलं, दोन मजली, तीन बेडरूमचं, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. भाडेकरू मराठी जोडपं, दोघंही आयटीत, मुलगी शाळेत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या कपाटात गॅसवर चालणारा ३० किलोवॉटचा कॉम्बी बॉयलर. तो २०१४ साली बसवलेला, पण घरातली पाइपलाइन आणि नऊपैकी सहा रेडिएटर त्याच्यापेक्षा कितीतरी जुने. नवा बॉयलर जुन्या पाइपांना जोडलेला, ही इंग्लंडमधल्या असंख्य घरांची स्थिती.

तक्रार एवढीच होती: हीटिंग लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी कपाटातून सूं सूं आवाज सुरू होतो, मग खदखद, मग धडधड. पहाटे साडेपाचला हीटिंग आपोआप चालू झालं की वरच्या मजल्यावर झोपलेल्या मुलीला जाग येते. बॉयलर बंद झाला तरी आवाज एकदोन मिनिटं रेंगाळतो.

मी गॅस सेफ, म्हणजे गॅसच्या कामाची अधिकृत, नोंदणी असलेला हीटिंग इंजिनिअर. माझ्याकडे हे प्रकरण आलं तेव्हा दोन मतं आधीच घेऊन झाली होती. एकाने पॉवर फ्लश, म्हणजे यंत्राने जोरात पाणी फिरवून अख्खी यंत्रणा धुणं, असा सल्ला देऊन सहाशे पौंड सांगितले होते. दुसऱ्याने बॉयलरचं आयुष्य संपलं म्हणून नवा घ्या, अडीच हजार पौंड, असं सांगितलं होतं. दोघांनी कपाट उघडून आवाज ऐकला होता. बॉयलरच्या खालच्या अंगाला असलेल्या प्रेशर गेजबद्दल दोघांपैकी कोणी काही विचारल्याचं घरच्यांना आठवत नव्हतं.

गीझरची सवय असलेल्यांसाठी आधी थोडं. कॉम्बी बॉयलरमध्ये दोन वेगळी पाणी असतात. एक बंदिस्त पाणी: ते बर्नरवरच्या मुख्य हीट एक्स्चेंजरमध्ये तापतं, पंप ते रेडिएटरमधून फिरवतो आणि तेच थंड होऊन परत येतं. वर्षानुवर्षं तेच पाणी. दुसरं नळाचं पाणी: तुम्ही गरम पाण्याचा नळ सोडला की डायव्हर्टर व्हॉल्व्ह बंदिस्त पाण्याला रेडिएटरकडे न पाठवता आतल्याच एका छोट्या प्लेट हीट एक्स्चेंजरकडे वळवतो. तिथे पातळ पत्र्यांच्या एका बाजूने बंदिस्त गरम पाणी आणि दुसऱ्या बाजूने नळाचं थंड पाणी वाहतं. उष्णता पलीकडे जाते, पाणी जात नाही. गरम पाण्याची टाकी नाही, माळ्यावरची टाकी नाही, म्हणून हे यंत्र इथल्या लहान घरांत इतकं पसरलं. पण आवाज करू लागलं की कोणत्या पाण्याची तक्रार आहे हे आधी ठरवावं लागतं, आणि तिथेच बरेच जण घाई करतात.

आवाजाच्या मागे लागण्याआधी सुरक्षितता. पेटताना जर ‘भप्प’ असा छोटा स्फोट झाल्यासारखा आवाज येत असेल, केसिंगवर काजळी दिसत असेल, गॅसचा वास येत असेल किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला असेल, तर पुढचं काहीही वाचायची गरज नाही. बॉयलर बंद, खिडक्या उघड्या, घराबाहेर पडून ०८०० १११ ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन. इथे तसं काही नव्हतं. मीटरवरचं गॅसचं दडपण ठीक होतं. धुरांड्यातल्या वायूंची तपासणी केली, तर कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचं गुणोत्तर ०.००४ या मर्यादेच्या बरंच आत होतं. ज्वलन नीट चाललं होतं. हे काम घरच्या माणसाने करायचं नाही. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार ब्रिटनमध्ये गॅसच्या कामाला नोंदणी लागते. १ एप्रिल २००९ पासून ही नोंदणी गॅस सेफ रजिस्टरकडे आहे, त्याआधी ती कॉर्गीकडे होती. बहुतेक आधुनिक बॉयलरचं पुढचं झाकण ज्वलनकक्षाच्या हवाबंदपणाचाच भाग असतं, म्हणून ‘फक्त उघडून बघतो’ हेही चालत नाही. युट्यूबवर झाकण काढणारे हात दिसतात, त्यांच्या नादी लागू नये.

मग आवाज. कुठून येतो यापेक्षा कधी येतो हे जास्त सांगून जातं. घरच्यांना मी तीन गोष्टी करून बघायला लावल्या, तिन्ही बाहेरून करण्यासारख्या. हीटिंग बंद ठेवून नुसता गरम पाण्याचा नळ सोडला: सुरुवातीला शांत, शॉवर पूर्ण उघडून चारपाच मिनिटं चालवला की हलकी सूं सूं. नळ बंद ठेवून हीटिंग चालवलं: तापमान ६५ अंशांच्या पुढे गेलं की खदखद, ७५ ला धडधड. मग हीटिंगच्या पाण्याचं तापमान बटणाने ५५ वर आणलं आणि सगळ्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडले. आवाज जवळजवळ नाहीसा झाला.

या तिसऱ्या प्रयोगाने अर्धं काम केलं. पंपाचं बेअरिंग खराब असतं तर ५५ लाही घरघर राहिली असती. पंख्याचा आवाज असता तर तो पेटण्याच्या आधीपासून सुरू झाला असता. यंत्रणेत हवा असती तर खळखळ, घोटल्यासारखा आवाज आला असता, आणि तोही तापमानाकडे न बघता. नुसता नळ सोडल्यावरच आवाज येत असता तर प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये क्षार साचले असं म्हणता आलं असतं. इथे आवाज दोन्ही वेळा, पण हीटिंगमध्ये जास्त, आणि तापमानाशी बांधलेला. म्हणजे दोन्ही कामांना सामाईक असलेल्या मुख्य हीट एक्स्चेंजरच्या आत पाणी जागोजागी उकळत होतं. वाफेचे बुडबुडे तयार होतात, जरा पुढे थंड पाण्यात येऊन कोसळतात, त्या कोसळण्याचा तो आवाज. इथले कारागीर याला केटलिंग म्हणतात. पुण्यात बोअरच्या पाण्यावर चालणारा गीझर कॉइलवर क्षार साचले की असाच कुरकुरतो.

पण ७० अंशांचं पाणी उकळेल कसं? सेन्सर वाहत्या पाण्याचं तापमान सांगतो. धातूवर क्षारांची पपडी असेल तर पपडीखाली धातू कितीतरी जास्त तापतो आणि पपडीच्या भेगांत अडकलेलं पाणी उकळतं. त्यात प्रवाह कमी असेल तर उष्णता वाहून नेणारं कोणी नसतं. या घरात तेही होतं. २०२२ च्या ऊर्जा दरवाढीनंतर वापरात नसलेल्या खोल्यांचे रेडिएटर बंद ठेवायची सवय लागलेली, त्यात वरच्या मजल्यावरचे दोन रेडिएटर खालून थंड आणि वरून गरम. वरून थंड असता तर आत हवा. खालून थंड म्हणजे तळाशी गाळ बसलेला.

इथपर्यंत पॉवर फ्लशवाल्याचं निदान चुकीचं नव्हतं. गाळही होता, पपडीही होती. प्रश्न असा होता की बंदिस्त पाण्याला एवढे क्षार आले कुठून. एकदा भरलेल्या पाण्यातले क्षार एकदाच साचतात, नंतर साचायला नवीन काही उरत नाही.

घरात त्या दिवसांत नवऱ्याचे वडील सांगली जिल्ह्यातून आले होते. सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले, बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट असलेले. मी गेज बघत होतो, तेव्हा ते कपाटापाशी येऊन उभे राहिले आणि सुनेला विचारलं, “ह्याला पानी किती दिसांनी भरतीस गं?”

ती म्हणाली, “दर रविवारी, बाबा. आवाज वाढला की काटा खाली गेलेला असतो. मग मी भरते आणि दोन दिवस शांत राहतो.”

“मग बंद शिष्टीम कशाला म्हनायची हिला? दर रैवारी पानी लागतंय म्हंजे दर आठवड्याला पानी जातंय की कुठंतरी.”

कारखान्यात हे शहाणपण रोजच्या नोंदवहीत असतं. उसाच्या रसाच्या बाष्पीभवनातून मिळणारं घनीभूत पाणी परत बॉयलरला फीड म्हणून येतं. बाहेरून घ्यावं लागणारं मेकअप वॉटर जितकं कमी तितकं बरं, आणि तेही सॉफ्टनरमधून काढलेलं. मेकअप वाढलं की शिफ्टवरचा माणूस आधी गळती शोधतो, कारण जादा पाणी म्हणजे ट्यूबांवर जादा स्केल, क्षारांची पपडी. मी त्यांना म्हटलं, “काका, तुम्ही माझा अर्धा तास वाचवलात.” त्यांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. ते गळती शोधायला घराबाहेर गेले होते.

त्या दर रविवारच्या पाण्याकडे नीट बघितलं पाहिजे, कारण अख्खं प्रकरण त्यात अडकलेलं आहे. पाणी भरलं की आवाज कमी व्हायचा, हे खरं होतं. दडपण वाढलं की उकळबिंदू वर जातो: गेजवर अर्धा बार (बार हे दडपणाचं एकक) असताना पाणी सुमारे १११ अंशांना उकळतं, दीड बार असताना सुमारे १२७ ला. म्हणजे फिलिंग लूपची, नळाचं पाणी बंदिस्त यंत्रणेत सोडणाऱ्या जोडणीची, कळ फिरवली की पपडीखालचं पाणी उकळायला सोळा अंश जास्त लागायचे आणि खदखद थांबायची. घरच्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष अगदी तर्काला धरून होता, ‘पाणी कमी पडलं की हा ओरडतो, भरलं की गप्प बसतो’, आणि त्याच निष्कर्षामुळे दर आठवड्याला ताजं, जड, म्हणजे क्षारांचं, पाणी आत जात राहिलं. आवाजावरचा उपाय आवाजाचं कारण वाढवत होता. बॉयलरच्या माहितीपुस्तिकेत ‘दडपण कमी झाल्यास पाणी भरा’ एवढं ठळक छापलेलं असतं; ‘वारंवार भरावं लागत असल्यास इंजिनिअरला बोलवा’ ही ओळ पुढच्या पानावर, बारीक अक्षरात. मला ही पुस्तिका लिहिणाऱ्यांचा मनापासून राग आहे.

पाणी जातं कुठे? खोल्यांत, छतांवर, जमिनीच्या फळ्यांवर डाग नव्हते. रेडिएटरच्या व्हॉल्व्हपाशी कागदी रुमाल दाबून बघितले, कोरडे. एका रात्री बॉयलर पूर्ण बंद ठेवून गेज बघितलं: काटा हलला नाही. ही साधी चाचणी दोन शक्यता एकदम खोडते. पाइपांतून गळती असती तर काटा खाली आला असता. फिलिंग लूपचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसता किंवा प्लेट हीट एक्स्चेंजरला छिद्र पडलं असतं, तर नळाचं जास्त दडपणाचं पाणी आत शिरून काटा वर गेला असता. थंड असताना यंत्रणा घट्ट होती. पाणी तापतानाच जात होतं.

काकांना जे सापडलं ते बाहेरच्या भिंतीवर. बॉयलरमागून निघालेली १५ मिलिमीटरची तांब्याची नळी भिंतीतून बाहेर येऊन खाली वळून पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी असते. ती सेफ्टी व्हॉल्व्हची. दडपण ३ बारला पोहोचलं की व्हॉल्व्ह उघडून पाणी तिथून बाहेर टाकतो. तिच्या तोंडाखालच्या विटांवर पांढरा ओघळ होता, कडेला किंचित हिरवट. क्षार आणि तांबं. एकदा कधीतरी उडालेल्या पाण्याचा डाग असा दाट नसतो. खात्रीसाठी नळीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबराने सैल बांधून ठेवली. बाहेर पडणारं पाणी पोळणारं असू शकतं, म्हणून हे थंड असताना करायचं आणि पिशवी थंड झाल्यावरच काढायची. दुसऱ्या दिवशी पिशवीत पेलाभर पाणी होतं.

आता गेज तापताना बघितलं. थंड असताना १.३. वीस मिनिटांत २.२. चाळीस मिनिटांत २.९, आणि बाहेर टपटप. निरोगी यंत्रणेत हा फरक अर्ध्या बारच्या आसपास असतो.

पाणी तापलं की फुगतं. १० अंशांवरून ७० वर जाताना सुमारे २.२ टक्के, ८० वर जाताना सुमारे २.९. या घरातलं एकूण पाणी मी ९० लिटर धरलं, म्हणजे जवळपास दोन लिटर पाण्याला दर वेळी कुठेतरी जागा लागणार. ती जागा म्हणजे एक्स्पान्शन व्हेसल: बॉयलरच्या मागच्या बाजूला बसवलेला चपटा पत्र्याचा डबा, आत रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला यंत्रणेचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला भरलेली हवा. पाणी फुगलं की हवा दबते. हवा वर्षानुवर्षं हळूहळू झिरपून जाते, आणि ती गेली की पाण्याला दबायला काही उरत नाही. मग दडपण सरळ ३ बारला जातं आणि फुगलेलं पाणी बाहेर पडतं. रात्री यंत्रणा थंड झाली की तेवढं पाणी कमी, काटा खाली. सकाळी परत तेच.

बॉयलरचा वीजपुरवठा आणि पाण्याचे व्हॉल्व्ह बंद करून, दडपण शून्यावर आणून मी व्हेसलच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबली. हा व्हॉल्व्ह मोटारीच्या टायरला असतो तसाच असतो. पिन दाबल्यावर पाणी आलं असतं तर पडदा फाटलेला, मग व्हेसलच बदलावं लागतं. हवाही आली नाही, पाणीही नाही. म्हणजे पडदा शाबूत, फक्त हवा संपलेली. पायपंपाने ०.८ बारपर्यंत हवा भरली, तासाभराने पुन्हा मोजली, तेवढीच होती. पिनची आतली सुई जुनी दिसत होती, ती बदलून टाकली. एवढ्या साहित्याला काही पौंड पडतात. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र नवा बसवावा लागला. महिनोन्महिने उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचरा अडकतो आणि मग तो दीड बारलाही ठिबकत राहतो.

क्षारांचा हिशेब. स्लाऊचं पाणी खडूच्या खडकांतून येतं, चांगलंच जड. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट धरू. यंत्रणा पहिल्यांदा भरली तेव्हा ९० लिटरमध्ये २७ ग्रॅम आत गेले. पुढे दर आठवड्याला लिटरभर पाणी घातलं, तर वर्षाला सुमारे १५ ग्रॅम. दोन वर्षांत यंत्रणा जणू दुसऱ्यांदा ताज्या पाण्याने भरली. आकडा छोटा वाटतो, पण क्षार सगळ्या नळांवर सारखे बसत नाहीत. जिथे पाणी सर्वांत जास्त तापतं तिथेच, मुख्य हीट एक्स्चेंजरच्या अरुंद वाटांमध्ये, ते जमतात. एवढीशी पपडी तिथे पुरते.

काळ्या गाळाचं गणित मात्र वेगळं आहे, आणि इथे माझं मत अनेक सहकाऱ्यांपेक्षा निराळं आहे. बहुतेक जण सांगतात की ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो आणि त्याने रेडिएटर गंजतात. जातो, पण थंड पाण्यात लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. वर्षाच्या पन्नास लिटरमध्ये अर्धा ग्रॅम. तेवढ्याने दोन रेडिएटरचे तळ भरत नाहीत. मला वाटतं, खरं नुकसान दोन गोष्टींनी झालं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून गेलेल्या प्रत्येक लिटरबरोबर गंजविरोधी रसायन, इनहिबिटर, बाहेर गेलं आणि त्याच्या जागी नुसतं पाणी आलं. शिवाय काटा अर्ध्या बारवर असताना वरच्या मजल्यावर दडपण फारच थोडं उरतं, कारण बॉयलर तळमजल्यावर आणि तीन-साडेतीन मीटर उंचीला त्यातलं बरंचसं दडपण खर्ची पडतं. पंप चालू झाला की अशा जागी व्हॉल्व्हच्या दांड्यांपासून हवा आत ओढली जाऊ शकते. घरचे दर महिन्याला किल्लीने रेडिएटरची हवा काढत होते. ती हवा आली कुठून हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. आणि हवा काढली की दडपण आणखी उतरायचं, मग परत पाणी.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा ठरला. आधी पॉवर फ्लश केला असता तर आवाज गेला असता, पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं असतं, आणि नवं इनहिबिटर पुढच्या हिवाळ्यापर्यंत थेंबाथेंबाने बाहेरच्या भिंतीवर गेलं असतं. नवा बॉयलर घेतला असता तर नवं व्हेसल आपोआप आलं असतं, पण जुना गाळ त्याच्या नव्या एक्स्चेंजरमध्ये शिरला असता. आम्ही आधी व्हेसल आणि सेफ्टी व्हॉल्व्ह केले आणि आठवडाभर काही न करता फक्त गेजची नोंद ठेवायला सांगितली. काकांनी वहीत रोज सकाळ-संध्याकाळ दोन रकान्यांत आकडे लिहिले, खाली सही करून. थंड १.३, गरम १.८. सगळे दिवस तेच. पाणी भरावं लागलं नाही. आवाज मात्र होता, कारण पपडी जागेवरच होती.

मग सफाई. पॉवर फ्लशचं यंत्र मी आणलं नाही. नऊ रेडिएटरच्या घरात, जुन्या सांध्यांवर, जोराचं पाणी फिरवायला मी कचरतो. रसायन घालून यंत्रणा काही दिवस नेहमीसारखी चालू ठेवली, परतीच्या पाइपवर चुंबकी फिल्टर बसवला. खालून थंड असलेले दोन रेडिएटर भिंतीवरून उतरवून मागच्या अंगणात पाइपने धुतले. निघालेलं पाणी शाईसारखं काळं. हा मॅग्नेटाइट, लोखंडाचा काळा ऑक्साइड, चुंबकाला चिकटतो, म्हणून तर फिल्टर चालतो. मुख्य हीट एक्स्चेंजर वेगळा काढून सल्फॅमिक आम्लाच्या द्रावणाने क्षारमुक्त केला. तो स्टेनलेस स्टीलचा होता म्हणून हे आम्ल चाललं. काही बॉयलरचे एक्स्चेंजर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात, तिथे उत्पादकाने मान्य केलेलंच रसायन वापरायचं, नाहीतर आम्ल धातू खातं. पाणी स्वच्छ येईपर्यंत यंत्रणा रिकामी-भरती केली, शेवटच्या भरणीत इनहिबिटर घातलं आणि चाचणीपट्टीने प्रमाण तपासलं. ब्रिटनचं बीएस ७५९३ हे मानक, २०१९ ची आवृत्ती, याच गोष्टी सांगतं: सफाई, इनहिबिटर, फिल्टर, दर वर्षी पाण्याची तपासणी.

नळाच्या बाजूचा प्लेट हीट एक्स्चेंजर काढला नाही. गरम पाण्याचं तापमान स्थिर होतं, प्रवाह ठीक होता. मात्र थंड पाण्याच्या नळावर क्षाररोधक बसवला. इथल्या बांधकाम नियमांच्या मार्गदर्शनात पाण्याचा जडपणा २०० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर असेल तर कॉम्बीकडे जाणाऱ्या पाण्यावर असा उपाय सुचवला आहे. नळाला बाहेरून गुंडाळायच्या चुंबकाच्या पट्ट्या विकणारे बरेच आहेत. त्यांच्यावर मी स्वतःचे दहा पौंडही घालणार नाही.

हीटिंगच्या पाण्याचं तापमान ६० वर ठेवलं. ते केवळ आवाजासाठी नाही. हा बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचा; तो धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवतो, पण परतीचं पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली असेल तरच. ७५ वर चालवलेला कंडेन्सिंग बॉयलर बहुतेक वेळ कंडेन्स करतच नाही, हे अजून किती घरांना सांगायचं कोण जाणे. घर तापायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून पहाटेची वेळ अर्धा तास आधी केली. रेडिएटरच्या तळाच्या लॉकशील्ड व्हॉल्व्हनी प्रवाह सारखा वाटून दिला आणि न वापरलेल्या खोल्यांचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद न ठेवता १ या आकड्यावर ठेवायला सांगितलं.

पैसे घरमालकाने दिले, थोड्या कुरकुरीनंतर. १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ प्रमाणे हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणं त्याची जबाबदारी आहे. त्याचं म्हणणं, दर वर्षी गॅस सुरक्षा तपासणीचा दाखला मिळतो, मग बॉयलर ठीकच असणार. तो दाखला खरा होता. पण ती तपासणी गॅस आणि धुराच्या सुरक्षिततेची असते. व्हेसलमधली हवा किंवा इनहिबिटर त्यात कोणी बघेलच असं नाही. त्यासाठी वेगळी सर्व्हिस करावी लागते. भिंतीवरच्या ओघळाचा फोटो, काकांच्या वहीचं पान आणि माझा एक पानी अहवाल पाठवल्यावर विषय मिटला. अनेक मराठी भाडेकरू करार मोडेल या भीतीने असं काही लिहीत नाहीत, स्वतःच्या खिशातून गप्प भरतात. तसं करायची गरज नाही.

आता कपाटातून पंख्याचा हलका आवाज येतो, पंपाचा गुं गुं येतो. जिन्याखाली तापताना पाइप फळीच्या खाचेत सरकतो आणि टकटक होते; ती टकटक घर बांधल्यापासून नसली तरी हीटिंग बसवल्यापासून असणार, आणि तिच्यासाठी फळ्या उचलण्यात अर्थ नाही. पुढच्या सर्व्हिसला व्हेसलच्या पिनमधून पाणी आलं, तर पडदा गेला असं समजायचं. या मॉडेलमध्ये व्हेसल बॉयलरच्या पाठीमागे आहे, ते बदलायला अख्खा बॉयलर भिंतीवरून उतरवावा लागतो. त्यापेक्षा परतीच्या पाइपवर बाहेर वेगळं व्हेसल बसवणं स्वस्त पडेल, आणि कपाटात त्यासाठी डाव्या बाजूला जागा आहे, हे अहवालात लिहून ठेवलं आहे.